लाखेचं सील आणि चाचाची नाडी

आमच्या चाळीत माणसांनाच जागा पुरत नाही, पण किस्से मात्र साठत जातात. पिंपरी स्टेशनपासून हाकेवरची ही चाळ. निम्मे लोक सातारा-सोलापूरकडून आलेले, सगळे औषधाच्या कारखान्यात. कुणी चहाला बसलं की रेडिओचा विषय निघतोच. मग एक किस्सा सांगावा तर त्याच्या मागून चार येतात, आणि प्रत्येकात शहाणपणा करणारी माणसं तीच!

झालं असं, की चाळीच्या मंडळाला रेडिओ घ्यायचा होता. एकच, सगळ्यांत मिळून. पुण्याच्या दुकानात नवाकोरा सेट होता, त्याला एक वर्षाची छापील गॅरंटी. इकडे पिंपरी कॅम्पात उस्मानचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात त्याच कंपनीचा जुना सेट, निम्म्या किमतीत. त्याची गॅरंटी तोंडी. चाचा म्हणाले, "मी जिंदा हाय तोवर."

घाई माझ्या घरची होती. माझी थोरली बहीण सुशी पुण्यात नर्सिंग शिकत होती. तिला पुणे रेडिओवर गायला बोलावलं होतं, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी. आईला ते ऐकायचं होतं. बाबांना नव्हतं. सुशी न विचारता रेडिओवर आवाजाची चाचणी देऊन आली, तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि मंडळाचे अध्यक्ष कोण? बाबाच!

*

पहिल्या बैठकीला मास्तरांनी गॅरंटीचं इंग्रजी कार्ड वाचून दाखवलं. मास्तर म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी, हायस्कूलात शिकवायचे.

"ही गॅरंटी व्हॉल्व्हना, म्हणजे आतल्या काचेच्या दिव्यांना, लागू नाही. लाकडी पेटीला नाही. काचेला, वायरला, बटणांनाही नाही."

गावातले आबा कोपऱ्यात बसले होते. जुने पैलवान, चाळीची जमीन त्यांचीच. ते म्हणाले, "मंग ऱ्हातंय काय?"

मास्तरांनी कार्ड उलटंसुलटं केलं. "आवाज!"

*

मग चाचांच्या गॅरंटीचा विचार झाला. चाचा जिवंत असेपर्यंत गॅरंटी, म्हणजे चाचा किती दिवसांचे हे बघायला नको? बाबा फिटर माणूस, तपासल्याशिवाय मशीन ताब्यात घेत नाहीत. ते खरंच एका वैद्याला घेऊन दुकानात गेले. वैद्यानं चाचांची नाडी धरली. जीभ बघितली. पाठीला कान लावला.

बाहेर येऊन म्हणाला, "सात-आठ वर्षं जातील. बिडी सोडली तर दहा."

त्या दिवसापासून चाळीतला जो तो दुकानावरून जाताना ओरडायला लागला, "चाचा, बिडी टाका! गॅरंटी कमी होतेय!"

शेवटी चाचा वैतागले. "अरे बाबांनो, मी रेडिओ विकतोय का स्वतःला?"

*

मतदान घेतलं. चौदा माणसं, सात हात नव्याला, आठ जुन्याला. पुन्हा मोजलं तर आठ नव्याला, सात जुन्याला. आबा दोन्हीकडं हात वर करत होते. "दोनी बराबर हायत की!"

खरं सांगू, मी कुठं हात वर केला ते मलाच आठवत नाही. नव्याची गॅरंटी कागदावर होती पण पोकळ, जुन्याची भरीव होती पण खोकत होती. डोकं चालेना.

मग बाबांनी तोडगा काढला. त्यांच्या कारखान्यात परदेशी मशीनवर सील असलं की हात लावायचा नाही, असा नियम. तो त्यांनी रेडिओला लावला. "नवा घ्यायचा. पण वापरायचा नाही. वापरलाच नाही तर गॅरंटी संपेल कशी?"

चौदा माणसांनी टाळ्या वाजवल्या! मी ओरडलो, "अहो, वर्ष बिलाच्या तारखेपासून मोजतात!"

मास्तर म्हणाले, "नववीत शाळा सोडलेल्यांनी कायद्यात पडू नये."

"मास्तर, नववीत मला तुम्हीच शिकवत होतात!"

*

तर नवा रेडिओ आला आणि मंडळाच्या खोलीत भरतकाम केलेल्या कापडाखाली बसला. खंडेनवमीला सगळ्यांनी आपापली हत्यारं पुजली. पाने, हातोडे, आबांचा कोयता. त्याच ओळीत रेडिओ. निदान आज तरी लावा म्हणून बायका मागं लागल्या, म्हणून लावला. बातम्या सुरू झाल्या. आबा भक्तिभावानं पुढं झाले आणि त्यांनी रेडिओच्या डोक्यावरच नारळ फोडला.

पाणी जाळीतून आत. आतून फुस्स असा आवाज. बातम्या देणारा अर्ध्या वाक्यात गेला.

दुकानाला पत्र लिहायचं ठरलं. काय लिहायचं यावर तीन दिवस वाद. अखेर मास्तरांनी मजकूर केला : "सदर रेडिओ धार्मिक कारणाने बंद पडला आहे."

उत्तर आलं. दिवाळीनंतर मंगळवारी माणूस येईल. तोवर मागच्या पुठ्ठ्यावरचं लाखेचं सील तुटता कामा नये. तुटलं तर गॅरंटी रद्द.

झालं! बाबांनी खोलीला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली जानव्याला... नाही, आमच्यात जानवं नसतं, करदोट्याला बांधली. रोज ड्युटीवर जाताना सील बघायचे, येताना बघायचे. इतकं त्यांनी आम्हा दोघा भावंडांकडं कधी बघितलं नव्हतं. मी तसं तोंडावर बोललोही. त्यांनी ऐकलं आणि सील बघायला गेले.

*

तो रविवार उजाडला. आई नवं लुगडं नेसून तयार. मी म्हटलं, चाचांकडं जुना सेट आहेच, तिथं ऐकू. अर्धी चाळ निघाली. बाबा म्हणाले, "मला ड्युटी आहे." त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती.

दुकानात चाचांनी सेट लावला. दिवा पेटला, खरखर आली, आणि सगळं विझलं. चाचांनी मागून एक व्हॉल्व्ह काढून उजेडात धरला. आत काळा पडलेला.

"ये गेला. याचा दुसरा पुण्यालाच मिळंल."

सुशीच्या गाण्याला पाऊण तास होता. एक पोरगं ही बातमी घेऊन चाळीकडं पळालं. आई बाकावर बसली आणि पदराशी चाळा करत राहिली. मास्तर सुरू झाले, "म्हणून मी म्हणत होतो, जुनं घेऊ नये." आबा म्हणाले, "नव्यानं तरी काय दिवं लावलं?" लागली जुंपायला! मी दोघांनाही जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात दाराशी सायकल थांबली. बाबा. घामानं शर्ट चिकटलेला. त्यांनी रुमालाची पुरचुंडी काउंटरवर ठेवली. चाचांनी सोडली. आत व्हॉल्व्ह. चाचांनी एकदा बाबांकडं बघितलं आणि व्हॉल्व्ह बसवला.

सुशी गायली. आईनं डोळे मिटून ऐकलं. बाबा दुकानाबाहेर पाठ करून सायकलची चेन बसवत होते. गाणं संपेपर्यंत बसवत होते. चेन उतरलेलीच नव्हती.

*

मंगळवारी दुकानाचा माणूस आला. आम्ही सगळे खोलीत. त्यानं रेडिओ फिरवला. लाखेचे तुकडे जमिनीवर.

"सील कुणी तोडलं?"

 बाबा भिंतीकडं बघत उभे.

आबा पुढं झाले. "उंदरानं."

माणसानं पुठ्ठा काढून आत वाकून बघितलं. "आणि व्हॉल्व्ह कुठं गेला?"

आबांनी बाबांकडं एक नजर टाकली.

"उंदराला पोरीचं गाणं ऐकायचं आसंल!"