चौथ्या मजल्यावरचा गोठा

चाकणला आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये डबा उघडला की 'भाजी कुठली?' असं कोणी विचारत नाही. 'वैशाली, आण्णांचं काय नवीन?' हा पहिला प्रश्न! आण्णा म्हणजे माझे सासरे. मी काही किस्से जमवायला बसले नव्हते हो. पण घरात असा एक माणूस असला की किस्से आपोआप साठतात, डब्यातल्या सुट्ट्या बटणांसारखे. टाकवत नाहीत आणि एक शोधायला गेलं की दहा हाताला लागतात.

नवीन आलेल्यांसाठी आधी थोडं मागचं सांगते.

आण्णा मूळचे मोशीचेच. आज जिथे आमची सोसायटी आहे, तिथे त्यांचा गोठा होता. जमीन बिल्डिंगला गेली, आम्हाला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, आणि म्हशी एकेक करून विकाव्या लागल्या. शेवटची चंद्री. तिला न्यायला माणूस आला आणि दाव्यासकट ओढायला लागला, तर आण्णांनी त्याचा हात धरला. "म्हस ने बाबा. दावं न्हाई मिळायचं. दावं दिलं की गोठा मोडला."

जनावर विकलं तरी त्याचं दावं घरातच ठेवायचं, ही त्यांची जुनी रीत. त्या माणसाने आपली दोरी आणली आणि चंद्री गेली. दावं आमच्याबरोबर लिफ्टने वर आलं. अजून दाराआडच्या खिळ्याला आहे. खाली जनावर नाही आणि वर दावं!

आण्णा जन्मभर दुपारी चारला उठत आले. लग्नात असोत, कुणाच्या सोयरिकीच्या बैठकीत असोत, चार वाजले की "चला, वैरणीची येळ झाली" म्हणून धोतर झटकायचे आणि चालू लागायचे. फ्लॅटमध्येही चारला उठायचे. पण "चला..." एवढंच म्हणायचे, इकडे तिकडे बघायचे आणि परत खुर्चीत बसायचे. जेवण कमी झालं. बोलणं तर त्याहून कमी. माझा नवरा महेश एक दिवस म्हणाला, "वैशू, म्हातारा असाच बसत राहिला तर हातचा जाईल गं." खरंच होतं ते. दोघांनाही काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात कासवं आली.

*

महेशचा टेम्पो आहे, लोकांचं घरसामान हलवायचं काम करतो. मारुंजीच्या एका आयटीवाल्या पोराची बदली झाली. सगळं सामान गाडीत चढलं, राहिली एक काचेची टाकी. त्यात दोन पिल्लं. स्नॅपिंग टर्टल, म्हणजे परदेशी चावरी कासवं! दहाच्या नाण्याएवढी पाठ, तेवढीच लांब शेपटी, आणि तोंड असं की जगाने यांचं काहीतरी देणं ठेवलंय. पोरगा म्हणाला, "दादा, सांभाळाल का? दोन महिन्यांत घेऊन जातो." तो पोरगा अजून यायचाय.

टाकी हॉलमध्ये ठेवली. आण्णा उठले, चष्मा लावला, एक पिल्लू तळहातावर घेतलं. आता नवीन जनावर दारात आलं की त्याचे दात बघायचे, हे यांच्या हाडात भिनलेलं! आण्णांनी नखाने त्याचं तोंड उघडलं.

खच्चकन चावलं की हो!

मी किंचाळले. महेश धावला. आण्णा मात्र जागचे हलले नाहीत. पिल्लू बोटाला लोंबतंय, आणि हे चष्म्यातून त्याच्या तोंडात बघतायत. "अदत हाय," म्हणाले. म्हणजे अजून दात न आलेलं, कोवळं. "फसला न्हाईस तू, म्हेश."

कासवाला दात कधीच येत नाहीत, हे आम्हाला नंतर कळलं. पण कितीतरी दिवसांनी ते एवढं बोलले होते. आम्ही ते दुरुस्त केलं नाही.

*

तिसऱ्या दिवशी मी फर्स्ट शिफ्ट करून घरी आले, तर टाकीत दूध! पांढरंफटक पाणी, फिल्टर गुदमरून घरघर करतोय.

"आण्णा, काय घातलंत यात?"

"सरकी पेंड. भिजवून घातली. अंगी लागंल."

मग काय, पोळ्यांच्या परातीत कासवं आणि आम्ही बादल्या उपसतोय. महेश वैतागला, "आण्णा, ही काय दूध देणारेत का?"

आण्णा शांतपणे म्हणाले, "चंद्री आटल्यावर दोन वर्सं तशीच सांभाळली व्हती. दुधासाठीच सांभाळत्यात व्हय रं जनावर?"

महेशने पुढची बादली उचलली. मी त्या दिवशी परात चार वेळा घासली आणि मग पोळ्या केल्या. पेंड बंद झाली. कासवांना बारीक मासळी, किसलेली कलेजी आणि डब्यात मिळणारा कासवांचा दाणा सुरू झाला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी दारात बूट काढत होते. चार वाजले. आण्णा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चला, वैरणीची येळ झाली." अख्खं वाक्य! आणि तरातरा टाकीकडे गेले.

मी बूट हातात घेऊन तशीच उभी. महेशला फोन लावला, पण "आण्णा..." एवढंच म्हणाले. तो घाबरला, "अगं काय झालं? आण्णा बरे आहेत ना?"

"आण्णा उठले," मी म्हणाले, "आणि परत बसले नाहीत."

पलीकडे महेशने टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला.

*

नावं साधीच ठेवली. मोठं ते काळ्या, आणि लहान ती बारकी. नर का मादी कुणाला ठाऊक, पण आण्णांनी ठरवलं की ती बारकीच! दोघं एकमेकांना चावायची म्हणून मध्ये काच घातली. आण्णांच्या भाषेत 'दावण येगळी केली'.

आता मी पडले क्वालिटीची. दर रविवारी माझ्या व्हर्नियरने दोघांची पाठ मोजायची आणि फ्रिजवर चार्ट लावायचा. काळ्या झकास वाढत होता. बारकी मात्र प्रत्येक रविवारी त्याच्या मागेच. सवयीने मी तिच्या आकड्यावर लाल पेन फिरवला.

आण्णांनी विचारलं, "लाल का गं?"

"अंडरसाइज आहे आण्णा. आमच्याकडे असा पार्ट लाल बिनमध्ये, रिजेक्टमध्ये जातो."

"तुज्या कंपनीतला पार्ट हप्त्याभरानं वाढतो का?"

"नाही."

"ह्ये वाढतंय. मग लाल कशापायी?"

आमच्या ऑडिटरनेसुद्धा मला असा प्रश्न विचारलेला नाही! मी तो आकडा निळ्याने पुन्हा लिहिला.

*

भाद्रपदात आमच्याकडे पोळा. मी पुरण शिजवत होते, तर आण्णा टाकीपुढे हिंगूळ कालवून बसलेले. "शिंगं न्हाईत. पाठीलाच लावतो."

"आण्णा, रंग विषारी असतो!"

झाली वादावादी. शेवटी तोडगा निघाला, रंग काचेला बाहेरून लावायचा. टाकीला झेंडूची माळ घातली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. तो आण्णांनीच खाल्ला, कारण 'त्यांच्या वतीनं कुणीतरी खायाला पायजे'. एवढ्यावर भागलं असं मला वाटलं. खिडकीतून खाली बघते तर आण्णा डोक्याला फेटा बांधून हातात बादली घेऊन पार्किंगला फेरी मारतायत! पोळ्याला जनावरं मिरवायची नाहीत म्हणजे काय?

सोसायटीचे सेक्रेटरी समोरून आले. "काय आण्णा, बादलीत काय?"

"बैलजोडी," आण्णा म्हणाले आणि पुढे गेले.

*

थंडीत टाकीचा हीटर बिघडला आणि बारकीने खाणं टाकलं. नवीन हीटर बसवला, चिंचवडच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. ते म्हणाले, "आता तिच्या मनावर आहे. थोडं थोडं देत राहा." आठ दिवस झाले. बारकी कोपऱ्यात डोळे मिटून बसलेली. आण्णांचं ताटही तसंच परत यायला लागलं.

त्या रविवारी मला एका लग्नाला जायचं होतं. साडी नेसून झाली, भुवया करायला बसले, तर माझा प्लकर गायब! सगळा ड्रॉवर उपसला. हॉलमध्ये आले, तर आण्णा टाकीपुढे स्टुलावर, पाण्यात हात, आणि हातात माझा प्लकर. टोकाला तांदळाएवढा कलेजीचा तुकडा.

"आण्णा! अहो, त्याने मी भुवया..."

"श्श."

एका हाताचं कोपर दुसऱ्या हाताने धरलेलं, तुकडा हलू नये म्हणून. "खा गं बाय माजी. एक घास खा." किती वेळ तसे बसले होते कोण जाणे. मीही साडी सावरून खाली फरशीवर बसले. आणि बारकीने मान लांब केली, खट्!

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. "सुनबाई, खाल्लं गं तिनं."

मीही रडले, खोटं कशाला सांगू! काजळ पसरलं, भुवया तशाच, आणि लग्नात मुहूर्त टळल्यावर पोचले. तेव्हापासून प्लकर आण्णांचा. बारकी दुसऱ्या कशानेही खायची नाही.

*

दीड वर्षात काळ्या जेवणाच्या ताटलीएवढा झाला. वळला की शेपटी काचेवर आपटायची. डॉक्टरांनी आम्हाला बसवून स्पष्ट सांगितलं, "ही परातीएवढी होतात. यांना तळं लागतं. फ्लॅटमध्ये हाल होतील."

"मग सोडू इंद्रायणीत," आण्णा म्हणाले.

"नको हो आण्णा. ही इथली नाहीत. नदीतली आपली मासळी, आपली कासवं, सगळं फस्त करतील."

आण्णांनी मान हलवली. "खरं हाय. दुसऱ्याच्या उभ्या पिकात जनावर सोडू नये."

राजगुरुनगरच्या अलीकडे प्राणी सांभाळणारी एक संस्था आहे, कासवांसाठी तळी बांधलेली. महेशने फॉर्म भरले. पण आम्हा दोघांना तीच जुनी भीती. आता चारला आण्णा उठतील, आणि मग?

संस्थेची रेवती नावाची मुलगी जीप घेऊन आली. मोठी गोड पोर. काळ्याला क्रेटमध्ये घातलं, बारकीला घातलं. तिने आण्णांना विचारलं, "आजोबा, ही खाते कशाने?" मी आण्णांच्या हातातला प्लकर दाखवला. "मग तोही द्या ना. नव्या जागी ओळखीचं काहीतरी राहील."

आण्णांनी मूठ मिटली. "जनावर ने, बाय. ह्ये न्हाई मिळायचं." आणि दाराआडच्या खिळ्याला, दाव्याशेजारी, प्लकर अडकवला.

रेवती माझ्याकडे बघायला लागली. मी क्रेटचं झाकण लावायला वाकले.

त्या दिवशी चारला आण्णा उठले. "चला..." म्हणाले आणि परत बसले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

*

सहाव्या दिवशी रेवतीचा फोन आला. काळ्या मजेत होता. बारकीने मात्र गेल्यापासून काही खाल्लं नव्हतं. "ताई, तो चिमटा कुणाबरोबर पाठवता का? मला काळजी वाटतेय."

फोन स्पीकरवर होता. महेश म्हणाला, "आण्णा, देऊन टाका ना."

"आण्णा, जाईल हो ती," मी म्हणाले.

आण्णा दाराआड गेले. मग प्लकर काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, रुमालात गुंडाळून कोपरीच्या खिशात घातला. टोपी घातली, पायताण चढवलं.

"पाठवायचं न्हाई," म्हणाले. "मी येतो म्हनावं."

तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी आण्णा मोशीच्या स्टॉपवरून एकटे बसने जातात. आल्यावर प्लकर पुन्हा खिळ्याला. बारकी खाते. आण्णा घरी येऊन दोन भाकरी जास्त खातात.

परवा माझी सुट्टी होती, म्हणून बरोबर गेले. संस्थेच्या गेटवर रजिस्टर आहे. नाव, वेळ, येण्याचं कारण. वरच्या ओळींत लोकांनी लिहिलेलं, 'भेट', 'पाहणी', 'औषध पोचवणे'. आण्णांनी पेन घेतलं, जपून नाव घातलं, वेळ घातली, शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि माझ्यासाठी न थांबता तळ्याकडे चालू लागले.

मी वाकून वाचलं. मग मागची पानं उलटली. दर तिसऱ्या दिवशी तेच मोठं, वेडंवाकडं अक्षर, आणि कारणाच्या रकान्यात तीच ओळ.

'वैरणीची येळ झाली.'