तलावाच्या पाळीचं इतिवृत्त

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातलं आमचं गाव नगरपंचायत झालं, तेव्हा मी बाहेर सार्वजनिक धोरणाचं एम.ए. करत होते. गावची ग्रामसभा गेली, वॉर्ड आले, ऑफिसवर नवी पाटी लागली. आम्हाला दोन महिने एखाद्या कार्यालयात काम करून प्रमाणपत्र आणायचं होतं. मी म्हटलं, आपल्याच गावच्या नगरपंचायतीत करू. मोठी शहाणी! शहर सगळ्यांना विचारून चालवावं असं वर्गात तावातावानं बोलायचे, आता घरच्या माणसांसाठी करून दाखवते म्हणाले.

पहिलंच काम तलावाचं निघालं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फिरायला फरशीचा रस्ता आणि कडेनं रेलिंग करायचं ठरत होतं. त्याच पाळीवर आम्हा मासेमार ढिवरांची जाळी वाळतात, तिथूनच डोंगे पाण्यात उतरतात. रेलिंग लागल्यावर डोंगा काय वरून फेकायचा? नगरपंचायतीच्या मुख्याधिकारी साहेबांनी वॉर्डाची बैठक लावली. आमची माणसं आली, माझे बाबाही आले. साहेबांनी नकाशा दाखवून विचारलं, कुणाची हरकत आहे का. कुणी हूं की चूं केलं नाही. चहा पिऊन सगळे उठले.

आता हे मला कळायला नको होतं? आमच्यात पहिल्या बैठकीत उत्तर देतच नाहीत. लगेच बोलणारा माणूस हलका ठरतो. ऐकायचं, घरी यायचं, बायांना धरून सगळ्यांनी बसायचं, एकमत होईस्तोवर रोज बसायचं, आणि मग वडीलधाऱ्यानं जाऊन सांगायचं. माझ्या आत्याच्या लग्नाचा होकार असाच आठ दिवस अडकला होता. मी हे बघतच मोठी झाले.

इतिवृत्त लिहायचं माझ्याकडे होतं. छापील नमुन्यात दोनच चौकटी होत्या, हरकत आहे आणि हरकत नाही. मी म्हटलं, "सर, हे लोक नंतर येऊन सांगतील." साहेब म्हणाले, "नंतरसाठी रकाना आहे का? नाही ना? मग लिहा." प्रमाणपत्रावर सही त्यांचीच लागणार होती. मी मुकाट्यानं 'हरकत नाही' लिहिलं. सांगायला लाज वाटते, अक्षरही छान काढलं.

नवव्या दिवशी ती सगळी माणसं धुतलेले कपडे घालून ऑफिसात आली. पुढे आमच्यातले सर्वांत म्हातारे भाऊ, मागे बाबा. "साहेब, आमचं एक झालं. पाळ आमी देत नाई," भाऊ म्हणाले. साहेबांनी रजिस्टर फिरवून त्यांच्यापुढे ठेवलं. तुमची हरकत नव्हती, ठराव होऊन वर गेलासुद्धा, म्हणाले. बाबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली, अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं.

भाऊंना काहीच कळलं नाही. ते म्हणाले, "कोणाचं तरी चुकलं असन. आपली पोरगी इथी बसून राह्यली, तिनं असं लिवू देलं नसतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं, बाबांनी काही सांगितलं नसतं.

"मीच लिहिलं," मी म्हटलं.

बाबा टेबलापाशी आले. "पुसता नाई येत का?"

"नाई येत, बाबा."

त्याच दिवशी मी अर्ज लिहिला, की हे इतिवृत्त चुकीचं आहे आणि ते मी लिहिलेलं आहे. त्याला आवक क्रमांक मिळाला, उत्तर मिळालं नाही. प्रमाणपत्र मात्र वेळेवर मिळालं, त्यावर शेरा 'उत्कृष्ट'. त्याच्याच जोरावर मला नोकरी लागली, वस्त्यांना विचारून शहरांचे आराखडे करायची. सोडावी तर मला दुसरं काही येत नाही. केली तर प्रत्येक बैठकीत त्या दोन चौकटी समोर येतात. मी दर ठिकाणी दुसरी बैठक घेतेच घेते, वरचे कितीही ओरडोत. त्यानं आमची पाळ काही परत येत नाही.

रेलिंग लागलं. बाबा आता जाळं अंगणात वाळवतात. आमचं अंगण ते केवढं, जाळं पसरलं की पाय ठेवायला जागा उरत नाही. मी सुट्टीत आले की ते ओलं जाळं गोळा करून मला वाट करून देतात. "ये, जेवून घे," म्हणतात. त्या वाटेनं घरात जाताना मला दरवेळी वाटतं, एकदा तरी यांनी मला शिव्या घालाव्यात.