पांढरी पिन, लाल पिन

रविवारी सकाळी भाजी निवडून होते न होते तोच आतल्या खोलीतून हाक येते, "टॉर्च धर गो." मग मी मोबाइलची बॅटरी लावून कपाटामागे वाकून उभं राहायचं आणि आमच्या ह्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागच्या पिना एकेक करून उपटायच्या. आधी स्प्रे मारायचा. मग कापसाच्या काडीनं पुसायचं. काडी काळी झाली की ती माझ्या नाकासमोर धरायची, जसा काही तो काळेपणा मीच केलाय. त्यानंतर छोट्या बाटलीतलं ते महागडं लिक्विड, ब्रशच्या टोकाला लागेल एवढंच, पिनेवर फिरवायचं, पिन परत भोकात बसवायची आणि जरा गोल फिरवायची. एवढं सगळं झाल्यावर खुर्चीत बसून कॅसेट लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "डावीकडून अजून येत नाय."

येणार कुठून? ह्यांचा डावा कान जातोय. हे मला माहीत आहे, मुंबईच्या लेकीला माहीत आहे, आमच्या भाजीवालीलाही माहीत आहे. ती आता पाटी घेऊन मुद्दाम ह्यांच्या उजव्या हाताला येऊन बसते. कारखान्यातल्या ब्लोअरनं म्हणा, वयानं म्हणा, जायचा तो चाललाय. पण कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की ह्यांचं एकच, "कानाला काय धाड भरलीय? कनेक्शन लूज हाय."

मी थकले हो. खरंच थकले. आयुष्यभर शाळेतल्या पोरांना ओरडून ओरडून माझा घसा बसला, तेव्हा वाटायचं निवृत्त झाल्यावर हळू बोलू. आता घरात त्याहून मोठ्यानं बोलावं लागतं.

ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं असतं तर मी केव्हाच उडवून लावलं असतं. पण महाडात चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. चांदीचे पैंजण डब्यात ठेवले तरी काळे पडतात, मग पितळी पिनांचं काय घेऊन बसलात. हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करायचे. कुठलाही काटा चुकीचा दाखवायला लागला की आधी कनेक्शन साफ, मग बाकीचं, अशी हाताला सवय. "पिन आणि सॉकेट आपल्याला चिकटलेलं दिसतं," मला समजावतात, "पण आत बारीक फट असते. हे लिक्विड त्या फटीत जाऊन बसतं." एकदा वैतागून म्हटलं, "मग आपल्या दोघांमध्ये पण टाका दोन थेंब." ऐकू आलं नाही. मी डावीकडून बोलले होते.

हा सगळा खटाटोप एका कॅसेटसाठी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा ह्यांनी पगारातून डेक घेतला आणि गावच्या घरी ओसरीवर भजन ठेवलं. माझे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणायचे, मृदंग वाजवत. पंचक्रोशीत त्यांच्या बोटांचं नाव होतं. ह्यांनी एक माइक आबांच्या मृदंगापुढे ठेवला, दुसरा गाणाऱ्यांपुढे. म्हणून त्या कॅसेटमध्ये आबा सगळे डाव्या बाजूला आहेत आणि बाकीचं भजन उजव्या. त्यानंतर दोन पावसाळेही आबांनी पाहिले नाहीत. त्यांच्या आवाजाची दुसरी खूण आमच्याकडे नाही. महाडात पूर शिरला तेव्हा मी तांदळाची पिंपं वाचवत होते आणि हे डेक डोक्यावर घेऊन माळ्यावर चढत होते. तेव्हा मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

त्याच कॅसेटमध्ये मीसुद्धा आहे. गौळण संपते, टाळ थांबतात, आणि उजवीकडून एक बावळट नवी सूनबाई विचारते, "चहा आणू का?" लगेच ह्यांचा दबका आवाज, "शूऽऽ! टेप चालू हाय!" आणि माणसं हसतात. इतकी वर्षं झाली, ती जागा आली की हे न चुकता हसतात. मी स्वयंपाकघरात असले तरी मला हसू ऐकू येतं आणि कळतं, गौळण संपली.

गेल्या पावसाळ्यापासून मात्र हसू झालं की पाठोपाठ उसासा येऊ लागला. "घुमारा येतो गो," एकदा म्हणाले, "पण आबांची बोटं येत नाय." इतक्या बारीक आवाजात म्हणाले की माझा राग कुठल्या कुठे गेला. लिक्विडच्या बाटलीवर बाटली का येतेय ते मला तेव्हा समजलं. ह्या माणसाला कानाची फिकीर नव्हती. बाप दुसऱ्यांदा चालला होता.

आता एक गोष्ट माझ्या डोक्यात किडा होऊन बसली. घरात ट्यूब पेटली नाही की हे ती ट्यूब काढून दुसऱ्या खोलीतल्या पट्टीत लावून बघतात. शेगडी नीट पेटली नाही की शेजारचा रेग्युलेटर आणून लावतात. "फॉल्ट शोधायचा तर आधी अदलाबदल," हे ह्यांचं ब्रह्मवाक्य, कारखान्यात नव्या पोरांनाही हेच शिकवलं. मग इथं डाव्या आवाजाची पांढरी पिन लाल भोकात आणि उजव्याची लाल पिन पांढऱ्या भोकात घालून बघायला काय झालं होतं? डाव्याचं उजवीकडे गेलं असतं आणि दोष पिनेचा की कानाचा ते एका मिनिटात समजलं असतं. इतके रविवार टॉर्च धरली, पण ह्यांचा हात तिकडे एकदाही वळला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर हा माणूस अंगणाचा जाणकार!

शेवटी मीच ठरवलं. हे गावच्या घराची कौलं बघायला पोलादपूरला गेले होते, संध्याकाळच्या एसटीनं येणार होते. दुपारी मी कपाटामागे वाकले आणि दोन्ही पिनांची अदलाबदल केली. टॉर्च माझी मलाच धरावी लागली. म्हटलं, होऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष. डोळ्यांना दिसलं की निमूट डॉक्टरकडे येतील.

हे आले, हातपाय धुतले, खुर्चीत बसले, कॅसेट लावली. मी दारात उभी. अभंगाला सुरुवात झाली आणि हे एकदम ताठ झाले.

"आली!" म्हणाले. "अगो, बोटं आली! ऐक, ऐक कशी पडतायत! म्हटलं नव्हतं तुला, लिक्विड मुरायला वेळ लागतो?"

आबा उजव्या स्पीकरमधून वाजत होते, शाबूत कानाच्या बाजूनं, आणि हा पांढऱ्या केसांचा माणूस मांडीवर ताल धरून लहान पोरासारखा डोलत होता. त्यांना पकडायला म्हणून मी केलेली युक्ती, आणि तिनं त्यांचा बाप परत आणून दिला. मी मनात म्हटलं, मरू दे तो डॉक्टर, आजचा दिवस राहू दे.

मग गौळण आली. गौळण संपली. टाळ थांबले. डाव्या स्पीकरमधून मी विचारलं, "चहा आणू का?"

हे हसले नाहीत.

डोळे मिटून तसेच बसले होते, चेहरा प्रसन्न, पुढच्या अभंगाची वाट बघत. माझा आवाज त्यांच्या शेजारून निघून गेला आणि त्यांना पत्ता नव्हता. एवढ्या वर्षांत मी त्या हसण्याला कधी काही किंमत दिली नव्हती, उलट वैतागायचे, काय तेच तेच.

पुढचा अभंग सुरू झाला आणि ह्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी टेप मागे नेली. पुन्हा गौळणीचा शेवट, पुन्हा टाळ थांबले, पुन्हा ते मान पुढे काढून वाट बघत बसले. मग सावकाश उठले आणि कपाटामागे गेले. टॉर्च न मागता. पांढरी पिन लाल भोकात आहे हे बोटांनी चाचपून नाही समजत, पण तेवढा उजेड खिडकीतून येत होता.

"तू बदललीस?"

"हो."

त्यांनी दोन्ही पिनांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं गो. कळत होतं, वळत नव्हतं. बदलून बघितलं की संपलंच की. तोवर झाकली मूठ."

"मग उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ." एवढं म्हणून ते पुन्हा वाकले आणि लाल पिन उपटायला लागले.

"अहो, काय करताय?"

"होतं तसं करतो. ह्यात तू येत नायस."

मी त्यांचा हात धरला. माझा आवाज फाटला होता, पण तो नेहमीच फाटलेला असतो. म्हटलं, "राहू द्या आबांना. ते आणखी कुठून येणार? मी आहे की घरात."

त्यांना खुर्चीत बसवलं आणि कॅसेट मागे नेली. आबांची बोटं वाजली, गौळण संपली, टाळ थांबले. तेव्हा मी ह्यांच्या उजव्या बाजूला वाकले आणि हळू, अगदी हळू विचारलं, "चहा आणू का?"

"शूऽऽ," हे म्हणाले, "टेप चालू हाय." आणि माझा हात काही केल्या सोडेनात.