बोळ्याचं दूध

माझी पोर दिवस भरेपर्यंत थांबली नाही. सातवा सरता सरता, मी दोन दिवसांसाठी इंदापूरला माहेरी गेले असताना झाली. दीड किलोसुद्धा भरली नाही. तिथून तिला बारामतीला नेऊन काचेच्या पेटीत ठेवलं. तीन आठवड्यांनी घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही आणि आईच्या दुधाशिवाय थेंबही द्यायचा नाही. दवाखाना जवळ पडतो म्हणून, पहिलं बाळंतपण असूनही मला कन्हेरीला सासरीच आणलं.

सासरची मंडळी मूळची मेंढरंवाली. मेंढरं विकून ऊस लावला, पण सासूबाईंचा तो तोरा काही गेला नव्हता. दिवसांआधी पडलेलं कोकरू त्या घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवायच्या, कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजायच्या आणि ते जगायचं. लग्न होऊन आले त्या वर्षी मेंढरं अजून होती, तेव्हा मी स्वतः पाहिलं होतं.

माझं दूध पुरत नव्हतं. पोर दोन घोट ओढून दमायची. घरी आल्याच्या पाचव्या दिवशी सासूबाई वाटी घेऊन आल्या. दूध दारच्या शेळीचं, नुकतंच काढलेलं. तापवलं की त्यातला कस जातो, असं त्यांचं म्हणणं.

"आत्या, डॉक्टर नको म्हणालेत."

"डाक्टरनं किती कोकरं जगवली? गप पड तू."

मी गप पडले. बारावी झालेली बाई, मी काही बोळ्यानं दूध पीत नव्हते. पण पोर बोळा चुटूचुटू चोखत होती आणि मला झोप हवी होती.

आठवडाभरात ती रडेनाशी झाली. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, "गुणाची हाय गं, काय तरास न्हाय." मला बरं वाटलं. आता आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. तान्ह्या पोरीचं न रडणं हा गुण असतो होय?

मग एका दुपारी तिचा हात एकसारखा उडायला लागला. टाळू हाताला टणक, फुगलेली. तसंच बारामतीला नेलं. डॉक्टरांनी तिच्या पाठीतून पाणी काढलं, जंतू मेंदूपर्यंत पोचलेत म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाहेरचं काही पाजलंत का? गाईचं, शेळीचं?"

सासूबाई माझ्या मागंच उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. मी म्हणाले, "नाही."

कशासाठी? चारचौघांत त्यांची शोभा होऊ नये म्हणून? की माझी? खरं सांगितलं असतं तर औषध वेगळं दिलं असतं का, हे मी आजतागायत कुणाला विचारलेलं नाही. उत्तराची भीती वाटते.

पोर वाचली. चार वर्षांची झाली तरी मान धरत नव्हती. सासूबाईंनी तिचं सगळं अंगावर घेतलं. तेल लावणं, भरवणं, दिवसभर मांडीवर घेऊन बसणं. दुधाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही. भांडायचं तर कुठल्या तोंडानं? खोटं मीच बोलले होते. सासूबाई ओट्यावर नुसत्या खोकल्या तरी पोरीचे डोळे तिकडं वळायचे, तोंडभर हसायची. मी हाक मारली की आढ्याकडंच बघत राहायची.