वाकडी ओळ

ती तोंडावर चिखलात पडली आणि आम्ही बाया हसलो. सर्वांत मोठ्यानं मी हसले.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी आमगावजवळच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या पाणथळ शेतात, आम्ही धानाचा रोवणा करत होतो. ती परगावची होती. उन्हाळ्यात डोक्यावर आंब्याची फांदी पडली होती, म्हणे. जखम भरलेली, म्हणून आम्हाला तिचं सोंग वाटे. पाण्याची चमक सोसेना म्हणून ती पदर भुवयांपर्यंत ओढायची. आम्ही गाणं धरलं की कानांत कापूस घालायची. मागं सरकत रोवताना तिची ओळ वाकडी जायची.

“अवो महाराणी, काऊन सोंग करून राहिली? ओळ सरळ धर!” मी ओरडले.

तिनं तोंड पुसलं. “मी त सरळच रोवून राहिली, बाई. बांधीच फिरून राहिली.”

बायांची मुकादम मी होते. “उद्यापासून येऊ नको,” मी म्हटलं. तिनं हातातले पऱ्हे, धानाची रोपं, रोवून संपवले, मगच ती गेली. नाव मी विचारलं नाही.

पुढं बैलगाडीतून पडून माझं डोकं आपटलं. वर्षभर घर फिरत होतं. मला खाट होती, वाढून देणारी सासू होती. त्या परगावच्या बाईनं तेच दुखणं चिखलात वाकून, एकटीनं काढलं.