मार्ताबाईंचं हैदराबादचं तिकीट

किस्से गोळा करावे लागत नाहीत. कापसाच्या गाडीमागून चाललं की अंगावर आपोआप पुंजके चिकटतात, तसं एखाद्या दुकानात रोज दोन तास बसलं की किस्से चिकटतात. कितीही झटकले तरी एखाददुसरा राहतोच.

माझं बसायचं दुकान म्हणजे पूर्णेच्या स्टेशन रोडवरचं गौतमचं ऑनलाइन सेंटर. गौतम माझा जुना विद्यार्थी. दाखले, फॉर्म, रेल्वेची तिकिटं, सगळं त्याच्याकडे होतं. माझी बायको सुनंदा गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, शाळा सुटली की मी तिथंच जातो. एका कपाचा चहा मला करता येत नव्हता, आणि गौतमकडे चहा किटलीनं येतो. आमच्यातले तिसरे सलीमचाचा, रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून रिटायर झालेले. त्यामुळे 'ऑनलाइन' या शब्दावरच त्यांचा राग!

आता सांगतोय ते सगळे किस्से गेल्या हिवाळ्यातल्या एका आठवड्याचे आणि एकाच तिकिटाचे आहेत.

*

सुनंदा भूगोल शिकवायची. शाळांच्या पत्रमैत्रीच्या एका उपक्रमात पोर्तुगालच्या एका शिक्षिकेशी तिची ओळख झाली. उपक्रम वर्षभरात संपला, पत्रं वीस वर्षं चालली. त्या मार्ताबाई सुनंदाचं गाव बघायला म्हणून आल्या आणि गौतमच्या घरी उतरल्या. त्यांचा बेत पक्का होता. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं हैदराबाद, शनिवारी सकाळी विमान आणि रविवारी तिकडे त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न!

हे ऐकून गौतमची बायको वैशाली लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "अवो सर, लेकीचं लग्न रविवारी, आन् ताई इकडं काय करायल्यात?"

मी इंग्रजीत भाषांतर केलं. मार्ताबाई शांतपणे म्हणाल्या, "सगळी तयारी झाली आहे. पंचवीस तर माणसं येणार."

"पंचवीस?" वैशाली म्हणाली. "आमच्याकडं रुसणारेच पंचवीस असत्यात!"

*

शुक्रवारचं तिकीट तेवढं काढायचं राहिलं होतं. बाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे लांबच्या रस्त्याला बस, जीप, टॅक्सी सगळं डॉक्टरांनी बंद केलं होतं. रेल्वेतच हवं आणि आडवं व्हायला बर्थ हवा.

गौतम म्हणाला, "मॅडम, बसा. दोन मिनिटात काढून देतो."

"नाही," बाई म्हणाल्या. "मी एकटी आले, तिकीटही माझं मीच काढणार. कुणीही माझ्यासाठी तिकीट काढायचं नाही."

सुनंदाही अशीच होती. दोघींचं वीस वर्षं का जमलं ते मला त्या दिवशी कळलं.

*

सोमवारी बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. खातं उघडायला ओटीपी लागतो आणि बाईंच्या पोर्तुगालच्या नंबरवर तो काही केल्या येईना. वैशालीनं आग्रहानं आपला नंबर दिला. यात विशेष काही नाही, आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे ओटीपी वैशालीच्याच फोनवर येतात! ती घरीच सापडते आणि फोन उचलते, एवढीच पात्रता.

पण त्या दिवशी ती पिठाच्या गिरणीत होती. गौतमनं फोन लावला. "ओटीपी आलाय का? लवकर सांग."

"आधी सांगा, कुणाचा हाय? सकाळधरनं चार आलेत."

"मार्तामॅडमचा!"

"हां, ताईचा होय! जेवल्या का त्या? भाकर देऊ का पोळी करू?"

जेवणाचं ठरलं आणि ओटीपीची वेळ संपली. दुसऱ्यांदा वैशालीनं आकडे सांगितले, पण मागे गिरणी चालू. तिसऱ्यांदा बाई स्वतःच गिरणीत जाऊन बसल्या. परत आल्या तेव्हा खातं उघडलं होतं आणि केसांवर ज्वारीचं पीठ होतं.

*

मग आली वेडीवाकडी अक्षरं. आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला ती ओळखून लिहायची असतात. बाईंनी तीनदा लिहिली, तीनदा चुकली.

सलीमचाचा मागून बघत होते. "सर, काय विचारायलाय हे मशीन?"

"बाई माणूस आहेत का, ते विचारतंय."

चाचा खुर्चीवरून उठलेच. "बत्तीस साल खिडकीवर बसलो मी! समोर लग्नाच्या बारातीतले लोक आले, दारू पिऊन आलेले आले, बकरी घेऊन आलेले आले. तू माणूस हायस का, असं कुणाला एकदाबी विचारलं न्हाई!"

*

मंगळवारी बाईंचं कार्ड चालेना. दोनदा नापास झालं आणि तिसऱ्या वेळी थेट पोर्तुगालहून बँकेचा फोन आला. पूर्णा नावाच्या कुठल्याशा गावात कुणीतरी तुमचं कार्ड वापरतंय, असं त्यांचं म्हणणं, हे बाईंनी आम्हाला इंग्रजीत सांगितलं.

"ती मीच आहे," बाई म्हणाल्या.

बँकेला ते पटेना. मग खात्रीसाठी त्यांनी एक प्रश्न विचारला. बाईंनी आजोळचं आडनाव सांगितलं आणि कार्ड सुरू झालं. वैशालीनं मला विचारलं, "काय विचारलं हो?"

"आईचं माहेरचं आडनाव."

वैशालीनं गौतमकडे विजयी नजरेनं पाहिलं. "बगा! तिकडच्या बँकेलाबी माहेर लागतंय. आन् तुमी मला म्हणता, सारखं माहेर माहेर काय करतीस!"

*

या सगळ्यात माझीही सुटका नव्हती. मी चहात साखर घातली की बाई म्हणत, "दुसरा चमचा नको." मी निघालो की म्हणत, "किल्ली घेतली?" मुख्याध्यापकांचं नाव निघालं तर हसायच्या.

मी चकित व्हायचो. मग त्या सांगायच्या, "पत्रात होतं."

एकदा गौतमसमोरच म्हणाल्या, "तुम्ही सिनेमात रडता आणि सर्दी झाली म्हणून सांगता ना?"

गौतमला इंग्रजी इतपत कळतं. तो म्हणाला, "सर, तुमी इथं उगं गंभीर बसता. तुमची सगळी फाइल पोर्तुगालला हाय!"

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी एकाच चमच्याचा चहा केला. बरा झाला होता.

*

बुधवारी चाचांना एकदम आठवलं. परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा कोटा असतो! बाईंचे डोळे चमकले.

"मग आपण तो घेऊ. कुठे मिळतो?"

"मोठ्या स्टेशनच्या खिडकीवर. खुद्द जावं लागतं, पासपोर्ट दाखवावा लागतो."

"इथून सोयीचं मोठं स्टेशन कोणतं?"

चाचांनी बराच विचार केला. "हैदराबादच म्हणा ना!"

*

शेवटी बुधवारीच चारच्या सुमाराला बाईंनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या कार्डानं तिकीट काढलं. गौतमनं पेढे मागवले. प्रिंट हातात आली तेव्हा पेढे तसेच राहिले. वेटिंग, सात नंबर.

पूर्णेच्या वाट्याला त्या गाडीचे बर्थ मोजकेच येतात. चाचांचा हिशोब पटकन झाला. "सात नंबर कन्फर्म होणार न्हाई. एखादा होईल, लय तर दोन."

गुरुवारी मी रजा टाकली आणि सकाळीच सगळे तत्काळच्या बुकिंगला बसलो. पान उघडेपर्यंत तत्काळ संपलं. बाईंनी मुलीला फोन लावला, त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलल्या, आणि फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. आम्ही कुणी भाषांतर मागितलं नाही.

मग त्या उभ्या राहिल्या. "माझ्या पुढचे सहा जण इथलेच असणार ना? मला त्यांच्याकडे न्या. मी एकेकाला भेटते, मुलीच्या लग्नाचं सांगते. एक जण तरी ऐकेल."

मी हे मराठीत सांगितलं.

सलीमचाचांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "एक नंबरला भेटायची जरूरत न्हाई," ते म्हणाले. "ते तिकीट माझ्या खिशात हाय. सोमवारी सकाळीच खिडकीवर जाऊन काढलं. बाईच्याच नावानं."

गौतम खाली बघून म्हणाला, "दोन नंबर मी काढलाय."

"तुमी?" वैशाली ओरडली. "मग तीन मी कशाला काढला! मला सांगायचं न्हाई?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

"ताईनं कुणीबी काढू नका म्हणल्यावर कसं सांगू? पक्कं झाल्यावर सांगणार होते!"

दारात चहावाला किटली घेऊन उभा होता. तो म्हणाला, "सर, पाच माझं हाय. पोराच्या मोबाइलवरून काढलं." मुख्याध्यापकांना फोन लावला, तर त्यांनी सहावं कबूल केलं, आणि शाळेत कुणाला सांगू नका म्हणाले.

चार नंबरचं नाव कुणी घेईना. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी चष्मा पुसायला घेतला.

बाई उभ्याच होत्या. हे इंग्रजीत सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी म्हणालो, "मार्ताबाई, तुमच्या पुढे सहा जण आहेत हे खरं. पण ते सहाही तुम्हीच आहात."

*

पुढचं तिकीट रद्द झालं की मागचं वर सरकतं, म्हणून रद्द कुणाचं करायचं यावर गुरुवारी संध्याकाळपर्यंत भांडण झालं. कुणीच ऐकेना, सगळी तिकिटं तशीच राहिली.

शुक्रवारी चार्ट लागला तेव्हा अख्खी गल्ली दुकानात होती. बाईंची बॅग दाराशी भरून ठेवलेली. वैशालीनं नवरीसाठी साडी दिली होती आणि चहावाल्यानं शेंगदाण्याचे लाडू. गौतमनं पहिल्या तिकिटाचा नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि ओरडला, "चाचा! एक नंबर कन्फर्म! लोअर बर्थ!"

चाचांनी खिशातून घडी घातलेलं तिकीट काढलं, हातानं सरळ केलं आणि दोन्ही हातांनी बाईंना दिलं. वैशाली रडायला लागली. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

मार्ताबाईंनी ते तिकीट वाचलं. आपल्या नावावरून हळूच बोट फिरवलं. गौतमकडे पाहिलं, वैशालीकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या,

"या एक नंबरच्या बाईंना एकदा विचारून बघा ना, त्यांना खरंच जायचंय का?"