भेकराची शिकार आणि माझा संयम

संयम कशाशी खातात हे आमच्या घरात फक्त मला कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. (बायकोची समजूत वेगळी होती, पण तिला विचारलं कुणी?) शहापूरच्या ऑफिसात ज्याने आजवर एकही फाईल घाईने पुढे सरकवली नाही, त्याच्याहून संयमी कोण असणार!

तर अशा या संयमी माणसाने गेल्या थंडीत लांब नळीचा कॅमेरा घेतला, फोटो लावायला हॉलमध्ये आधीच खिळा ठोकला आणि सासऱ्यांना फोन केला. ते राहतात मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी.

“जय भीम, आबा. शनिवारी येतोय. भेकराची शिकार करायचीय.”

पलीकडे आबांनी आवाज एकदम खाली आणला.

“जय भीम, जावईबापू. पन तुमी आत गेलात तं संगीताला आमच्याकडंच यावं लागंल.”

“अहो, कॅमेऱ्याने शिकार! फोटो!”

“मंग फोटो म्हना की! मी हितं वकील शोधाया लागलो.”

भेकर म्हणजे आपल्या डोंगरातलं छोटंसं, लाजाळू हरीण. आबांच्या वालाच्या शेताच्या टोकाला ओढ्याचं डबकं आहे. तिथे ते सकाळी पाणी पितं आणि जाता जाता वालावरही तोंड मारतं.

आदल्या संध्याकाळी मी सासुरवाडीच्या मंडळींना जमवून व्याख्यान दिलं. (ही मंडळी जन्मभर जंगलाला लागून राहिलेली, पण शास्त्र ते शास्त्र!)

“हलायचं नाही. बोलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा.”

“आनि शिंक आली तं?” सासूबाईंनी विचारलं.

“येऊ द्यायची नाही! आणि सगळ्यात महत्त्वाचं, काहीही झालं तरी एकमेकांना हात लावायचा नाही.”

सकाळी करवंदीच्या जाळीमागे आम्ही चौघं दबा धरून बसलो. मी झाडपाल्याच्या नक्षीचा शिकारी पोशाख घातला होता. त्यातून वारा आरपार जात होता, म्हणून वर सासूबाईंची गोधडी.

“संगीता, बांगड्या!” मी कुजबुजलो. “आबा, श्वास हळू! आई, पदर फडफडतोय!”

आबा हळूच म्हणाले, “जावईबापू, मघापासनं तुमीच बोलताय.”

मी गप्प झालो. मग खालचा दगड टोचला. मग पायाला मुंगी चावली. मी तिला शिवी दिली, पण अगदी हळू आवाजात. याला म्हणतात संयम! हळूहळू गोधडी उबदार झाली आणि नुसत्या कानांनी जंगल टिपावं म्हणून मी डोळे मिटले.

एकदम शेजारीच जोरात भुंकणं ऐकू आलं. भॉक! भॉक!

मी ताडकन उठलो. “कुणी आणलं रे हे कुत्रं! हाकला त्याला! माझं भेकर बुजेल!” एवढं बोलून मी पायातला बूट काढून आवाजाच्या दिशेने भिरकावला. तांबूस असं काहीतरी शेपटी उडवत झाडीत दिसेनासं झालं.

“गेलं एकदाचं कुत्रं,” मी हुश्श केलं.

“अहो,” बायको म्हणाली, “ते भेकर होतं.”

“मग भुंकलं कोण?”

“भेकरच! भेकर भुंकतं!”

“किती टाइम उभं होतं म्हायतीय?” आबा हळहळले. “पानी प्यालं, वाल खाल्ला, हिकडं तोंड करून उभं ऱ्हायलं. असं तं आमाला पन कवा दिसलं नाय!”

“मग मला उठवलं का नाही?”

“तुमीच बोल्लात ना, हात लावायचा नाय,” सासूबाई म्हणाल्या. “आमी शिंक पन गिळली.”

खरा घात पुढेच होता. बायकोने मोबाइलवर सगळं शूट केलं होतं. व्हिडिओत भेकर शांतपणे पाणी पितंय. तेवढ्यात कुठेतरी पिठाची जुनी गिरणी सुरू होते. (गिरणी मी!) भेकर कान टवकारतं, वाघ कुठे आहे ते शोधतं आणि जीव खाऊन भुंकतं. मग माझा आवाज. मग माझा बूट.

बूट शोधून मी घरी पोचेपर्यंत व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेलेला! माझ्या थोरल्या भावाने लिहिलं, “भेकर सुरेख. मागे ओरडणारा प्राणी कुठला?”

आठवड्याने आबांचा फोन आला. आवाजात भलताच आदर.

“जावईबापू, तुमी गेल्यापासनं भेकर वालाकडं फिरकलं नाय! पन वरच्या अंगाला आता डुकरं येत्यात. शनिवारी मुक्कामाला या ना. कॅमेरा नाय आनला तरी चालंल. शेतातल्या माळ्यावर गोधडी टाकून ठेवतो.”

गेलो! दर शनिवारी गेलो. वाल सुखरूप घरी आला. आबा आता गावभर सांगतात, यंदा शेतात बुजगावणं उभं करावं लागलं नाय, आडव्यानंच भागलं.